टोचन

आपल्याकडे बंद पडलेली गाडी लोक 'टो' करत नाहीत, 'टोचन' करतात. 'टो चेन' हा शब्द गॅरेजवाल्यांच्या आणि ट्रक ड्रायव्हरांच्या तोंडात इतका घोळला की त्याचं टोचन होऊन गेलं. आता चेनच्या जागी नायलॉनची पट्टी आली, तरी शब्द तोच. मला हा शब्द फार आवडतो. एक तर तो थेट मराठी धातूवरून आल्यासारखा वाटतो. आणि दुसरं म्हणजे, ज्याची गाडी दुसऱ्याच्या गाडीमागे बांधून न्यावी लागते त्याला ते खरंच टोचतं!

आमच्या जीप-जिप्सीवाल्यांच्या जगात तर टोचनावर माणसाची पत ठरते. "काल तिघांना टोचन दिलं" हे सांगणारा सोमवारी कॅन्टीनमध्ये छाती पुढे काढून हिंडतो. टोचन घेतलेला गडी त्या दिवशी डबा डेस्कवरच खातो. (थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.)

तर मंडळी, आजचा विषय हा. डोंगरदऱ्यांत, चिखलात घालायच्या गाड्या, त्यांची निगा, त्यांच्यावर होणारा खर्च आणि दोराच्या दोन टोकांना असलेली माणसं. गाड्यांमध्ये रस नसेल तरी वाचायला हरकत नाही. प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्या कोणालाही यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

माझ्याकडे एक जुनी, सेकंड हँड मारुती जिप्सी आहे. ही गाडी भारतात आली डिसेंबर १९८५ मध्ये, ९७० सीसीचं इंजिन घेऊन. १९९६ साली १३०० सीसीची जिप्सी किंग आली, आणि २०१९ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकांसाठी जिप्सी बंद झाली. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत लष्कर, पोलीस, जंगल खातं, रॅलीवाले अशा सगळ्यांनी ती दामटली. वजन साधारण टनभर. चारही चाकांना पाटे. पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल. आणि गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस, ज्याची छोटी दांडी ओढली की चारही चाकांना ताकद मिळते. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. पावसात बाहेरून कमी आणि आतून जास्त भिजते. बायकोच्या मते ही गाडी नसून पत्र्याची छत्री आहे, आणि तीही गळकी.

अशी गाडी घेतली की माणसाला पहिला रोग होतो तो 'वाढवण्याचा'. मोठे टायर, उंच पाटे, पुढे लोखंडी बंपर, वर दिव्यांची रांग, समोर विंच. मलाही झाला होता. मी यादी करून आमच्या उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे कॅम्पातल्या एका गल्लीत चाळीस वर्षं जीप उघडणारे मेकॅनिक. त्यांनी यादी वाचली, घडी घातली, आणि शांतपणे विचारलं, "साहेब, हे सगळं कशाला?"

उत्तर द्यायचं म्हणून मी घरी येऊन आकडेमोड केली. शेवटी इंजिनिअर आहोत! जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, उंची त्याच्या ७० टक्के, आणि रिम १५ इंची. हिशेब केला तर पूर्ण चाकाची उंची येते ६६८ मिलिमीटर. मला हवे होते २३५/७५ आर १५. त्यांची उंची येते साधारण ७३४. फरक ६६ मिलिमीटरचा. पण अ‍ॅक्सल असतो चाकाच्या मध्यावर, त्यामुळे तो वर जाणार निम्माच, ३३ मिलिमीटर. सव्वा इंच, बस!

आता या सव्वा इंचाची किंमत बघा. चाक १० टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच 'लांब' झाला आणि चढावर ओढ कमी झाली. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळते. तेवढ्याच अंतरात थांबायचं तर ब्रेकला १० टक्के जास्त जोर लावायला हवा. चाक जड, म्हणून पुढच्या किंगपिन बेअरिंगवर ताण. ती झिजली की ठरावीक वेगाला स्टिअरिंग असं थरथरायला लागतं की दाताखाली जीभ यावी. पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो, म्हणून पाटे उंच करायचे. पाटे उंच केले की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून त्याचे क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे होस अपुरे पडतात, तेही बदला. एक लायब्ररी अपग्रेड करायला घ्यावी आणि रात्री दोन वाजता निम्मा प्रोजेक्ट कंपाइल होत नसावा, तसलाच प्रकार.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. पुढचे ते दणकट बुलबार तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदेशीर म्हणून सांगितले आहेत, कारण धडकेत ते समोरच्या पादचाऱ्याला जास्त इजा करतात.

मोठे टायर लावूच नयेत असं माझं म्हणणं नाही. नीट विचार करून, पुढची सगळी साखळी सांभाळून, कागदपत्रांसह करणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल आदर आहे. पण कोणताही भाग ताकदवान केला की दुबळेपणा नाहीसा होत नाही, तो शेजारच्या भागात राहायला जातो. हे एकदा समजलं की माणूस यादी पुन्हा लिहितो.

माझी नवी यादी उस्तादांनीच सांगितली. "आधी गाडी थांबली पाहिजे. मग वळली पाहिजे. मग चालली पाहिजे. उरलेले पैसे दिव्याला लावा." झालं! पुढचे कित्येक रविवार मी ब्रेक, स्टिअरिंग आणि बेअरिंग यांच्या पायाशी घालवले. नाना पेठेत पार्ट शोधत फिरणं हा तर वेगळाच आनंद आहे. दुकानदाराला भागाचं नाव सांगून उपयोग नसतो, जुना तुकडा खिशातून काढून काउंटरवर ठेवावा लागतो. मग तो एक डोळा बारीक करून बघतो आणि आतल्या काळोखातून नेमका तोच घेऊन येतो. कुठल्याही सर्च इंजिनने मान खाली घालावी!

पाणी ओलांडून आल्यावरची एक गोष्ट सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना माहीत नसते. गाडी तासभर चालली की अ‍ॅक्सलमधलं तेल आणि हवा तापलेली असते. अशात आपण ओढ्यात उतरतो. गार पाण्याने आतली हवा आकसते आणि कुठून तरी आत काहीतरी ओढू पाहते. वर हवेसाठी ब्रीदर नावाचं छोटं नळकांडं असतं. ते चिखलाने बुजलेलं किंवा पाण्याखाली असेल, तर पाणी आत शिरतं, ब्रीदरमधून नाहीतर ऑइल सीलमधून. चार दिवसांनी तेल उघडून बघा, दुधाच्या चहासारखं दिसेल. त्या तेलात गिअर फिरले की दातांची वाट लागते. उपाय काय, तर ब्रीदरला रबरी नळी जोडून ती उंच इंजिनपाशी नेऊन बांधायची. खर्च फार थोडा. पण ह्या नळीचा फोटो काढून कोणी कोणाला दाखवत नाही. पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळणं, क्रॉसना ग्रीस मारणं, मागच्या ड्रममधला चिखल धुणं, यातलं काहीच फोटोजेनिक नाही.

आता दोराकडे येऊ.

रस्त्यावरचं टोचन हा दोघांनी मिळून करायचा उद्योग आहे. पुढचा ओढतो हे सगळ्यांना दिसतं. पण दोर ताणलेला ठेवायचं काम मागच्याचं. पुढच्याने वेग कमी केला की मागच्याने हलका ब्रेक लावून दोर सैल पडू द्यायचा नाही. किल्ली काढून टाकायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक बूस्टरची मदत दोन-तीनदा दाबेपर्यंतच मिळते, पुढे पेडल दगडासारखं होतं. १९८९ सालच्या रस्त्याच्या नियमावलीत टोचनासाठी ताशी २४ किलोमीटरची वेगमर्यादा आणि दोन गाड्यांत जास्तीत जास्त ५ मीटर अंतर असं लिहिलं होतं. ती नियमावली २०१७ साली बदलली, पण ते आकडे ज्याने लिहिले त्याने नक्की कधीतरी मागच्या गाडीत बसून घाट उतरला असणार.

चिखलातून उपसणं हे मात्र वेगळंच प्रकरण. अमेरिकन लष्कराच्या पुस्तकात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर तिच्या वजनाइतकी ओढ लागते. मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. आणि ओढणारी गाडी? ओल्या कच्च्या रस्त्यावर टनभराची गाडी संथपणे ओढायला लागली, तर चाकं घसरायच्या आधी जेमतेम अर्धा टन ओढ देते. मग उरलेली ताकद आणायची कुठून? इथेच लोक 'झटका' देतात. दोर सैल सोडायचा, गाडी पळवायची, आणि हिसका. त्यासाठी ताणली जाणारी खास नायलॉनची पट्टी असते, आणि ती योग्य जागी, योग्य माणसाने वापरली तर उत्तम काम करते. पण वेग दुप्पट केला की त्यातली ऊर्जा चौपट होते. ती सगळी क्षणभर त्या पट्टीत साठते. त्या क्षणी काही तुटलं, तर तुटलेला लोखंडी तुकडा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशा पट्ट्यांवर धोक्याची सूचना छापणं कायद्याने सक्तीचं आहे. ते काही लोकांना वाचायची आवड आहे म्हणून नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर भोरच्या पुढची, रायरेश्वराच्या बाजूची एक सकाळ सांगतो. जुलै महिना, आमच्या चार गाड्या, समोर कच्चा रस्ता. वळणावर एक दुधाची पिकअप रस्ता सोडून खाचराच्या कडेला कललेली, मागची चाकं अ‍ॅक्सलपर्यंत आत. मागे ४० लिटरचे पंधरा कॅन. म्हणजे सहाशे लिटर दूध. ड्रायव्हर विशी-बाविशीचा पोरगा, अगदी रडकुंडीला आलेला. "साहेब, नऊच्या आत डेअरीवर गेलं नाय तर घेत नाहीत. सगळ्या वाडीचं दूध आहे." घड्याळात आठला दहा कमी.

आमच्यातल्या एकाकडे मोठी, नवी कोरी एसयूव्ही होती. त्याने उत्साहाने ती उलटी लावली, मागच्या बंपरवर असतो तो गोल लोखंडी गोळा, त्यात पट्टी अडकवली आणि म्हणाला, "एक झटका, की बाहेर." एव्हाना वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून, दोन्ही गाड्यांच्या बरोबर मध्ये उभा होता. त्याला सगळ्यांत चांगलं तिथूनच दिसत होतं.

मी म्हणालो, "गोळ्याला नको."

"अरे, ट्रेलर ओढायचा गोळा आहे हा! पिकअप काय घेऊन बसलायस?"

"ट्रेलर सावकाश ओढतो तो. हिसका नाही."

"मग तूच सांग, नऊच्या आत काय करणार?"

प्रश्न बरोबर होता. पोरगा माझ्याकडे बघत होता, आणि त्या क्षणी त्याचा शत्रू मीच होतो. मित्राचंही तोंड उतरलं होतं. चारचौघांत त्याला अडवलं होतं मी. पण मी त्याच्या पट्टीच्या टोकाजवळ जाऊन उभा राहिलो आणि हललो नाही. मी तिथे उभा असताना तो गाडी पुढे घेणार नाही, एवढी मैत्री होती.

मदत आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. गर्दीतले एक आजोबा, डोक्यावर घोंगडीची खोळ, पुढे आले आणि त्या मुलाला दंडाला धरून बाजूला ओढलं. "मोटंचा नाडा तुटल्याला बघितलाय म्या. व्हा मागं समदी." विहिरीवरची मोट जाऊन किती वर्षं झाली असतील, पण ताणलेला दोर तुटला की काय होतं हे त्यांना सांगावं लागलं नाही. माणसं एका शब्दात मागे सरली. माझ्या ऑस्ट्रेलियातल्या नियमांनी ते झालं नसतं.

मग काम सुरू झालं. आधी पंधराही कॅन हातोहात उतरवले. सहाशे किलोच्या वर वजन तिथेच कमी. दोघांनी फावड्याने चाकांमागचा चिखल काढला, बाकीच्यांनी बांधावरचे दगड आणून उतार करून दिला. पिकअपच्या मागच्या टायरमधली हवा कमी केली. माझ्या जिप्सीच्या मागे, चासीला बोल्ट केलेला हुक आहे. बोल्ट चांगल्या प्रतीचे, डोक्यावर ८.८ कोरलेले, मी आणि उस्तादांनी मार्चमध्ये बदललेले. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घेतली, म्हणजे ताणानंतर ती जाम होत नाही. पट्टीवर मधोमध भिजवलेलं पोतं टाकलं, तुटलीच तर तिचं उडणं कमी व्हावं म्हणून. फोर लो, पहिला गिअर, हिसका नाही. पट्टी हळूहळू ताठ झाली. बाजूने आठ जणांचे खांदे. पिकअप आधी नुसतीच कण्हली, मग एक वीत आली, मग दगडांवर चढली, आणि मग कोणी काही बोलायच्या आत रस्त्यावर उभी होती.

कॅन परत चढवून, सोबतच्या पंपाने टायरमध्ये हवा भरून पोरगा निघाला तेव्हा आठ पस्तीस झाले होते. एकूण पंचेचाळीस मिनिटं.

नंतर चहा पिताना मित्र काही न बोलता स्वतःच्या गाडीखाली वाकला. तो गोळा अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात, सोसायटीत कोणी मागून ठोकू नये म्हणून लावलेला होता. चासीपर्यंत तो पोचलेलाच नव्हता. बंपरच्या आतल्या पातळ पट्टीला दोन बोल्टवर टांगलेला, आणि त्यातला एक बोटाने फिरत होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही. पट्टी जिथून गेली होती ती रेघ चिखलात अजून दिसत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ती छोटी पावलंही. पुढच्या शनिवारी तो उस्तादांकडे आला.

मला तेव्हापासून असं वाटतं की गाडीखाली घालवलेल्या रविवारांचा हिशेब आपण चुकीच्या खात्यात मांडतो. आपण म्हणतो, माझी गाडी, माझा छंद, माझे पैसे. घाटात एकटं फिरेपर्यंत ते खरंही असतं. पण ज्या क्षणी आपण दुसऱ्याच्या गाडीला दोर लावतो, त्या क्षणी मार्चमध्ये आवळलेला बोल्ट त्या अनोळखी माणसाचाही होतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराचाही. त्यांनी आपल्याला काही विचारलेलं नसतं. विचारणार तरी काय? ते आपल्या मोठ्या टायरांकडे आणि दिव्यांकडे बघून समजतात की या माणसाला यातलं कळत असणार. त्यांचा तो समज खरा ठरवायचं काम त्या दिवशी चिखलात करता येत नाही. ते आधीच, कोणी बघत नसताना, करून ठेवावं लागतं.

असो. पावसाळा तोंडावर आला की तुमच्यापैकी बरेच जण ताम्हिणी, वरंध, माळशेज असे निघाल. गाडी कुठलीही असो, निघायच्या आधी दहा मिनिटं काढा. गाडीचं मॅन्युअल उघडून टोचनाचा हुक नेमका कुठे आहे ते बघा. आजकाल बऱ्याच गाड्यांत तो टूलकिटमध्ये सुटा असतो आणि बंपरवरचं झाकण काढून फिरवून बसवावा लागतो, तोही सपाट रस्त्यावर संथ ओढण्यापुरता. एकदा हाताने बसवून बघा. आणि कोणी "एक झटका, की बाहेर" म्हणाला, तर आधी दोराच्या जवळपास कोण उभं आहे ते बघा.

मी? मी उद्या सकाळी उस्तादांकडे आहे. मागच्या डाव्या चाकातून बारीक कुरकुर येतेय. बायको म्हणते पूर्ण गाडीच कुरकुरते, तुला एकाच चाकाची कशी ऐकू येते?